ग्लोव्हजचं कलम

पहाटे 5.15

सोलापूरच्या पार्क स्टेडियमच्या बाहेर अजून दिवे चालू आहेत. धावायला सोडण्याआधी मी प्रत्येक मुलीला काट्यावर उभी करते. आज एकीच्या आकड्याकडे माझं जास्त लक्ष आहे. 55.1. तिच्या मोबाईलवर चार पानांचा करार येऊन पडलाय. व्यावसायिक लढतीचा, आयुष्यातला पहिला. त्यात वजन लिहिलंय 118 पौंड, म्हणजे साडेत्रेपन्न किलो. हौशी स्पर्धांत ती आजवर 54 किलोत खेळली, त्यामुळे तिला हे सोपं वाटतंय.

"अर्धा किलोच तर खाली जायचंय, मॅडम."

ती धावून आल्यावर मी तिला पायरीवर बसवते. हौशी स्पर्धेत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं. व्यावसायिक लढतीत ते बहुतेक वेळा आदल्या दिवशी होतं. काट्यावर साडेत्रेपन्न भरलेली मुलगी नंतर पाणी पिते, पोटभर जेवते, झोप काढते आणि दुसऱ्या रात्री रिंगमध्ये उतरते. समोरची मुळात 58 किलोची असेल आणि पाणी तोडून खाली आली असेल, तर आमची तिच्यापुढे हलकी पडणार. म्हणून वजन किती एवढंच वाचून भागत नाही. ते कधी होणार आणि तिथून लढतीपर्यंत किती वाढलेलं चालणार, हेही कागदावर यावं लागतं. या करारात त्यावर अक्षर नाही. वहीत पहिली खूण.

6.10

आज सगळे राउंड दोन मिनिटांचे. हौशी बॉक्सिंगमध्ये आता मुलींचाही राउंड तीन मिनिटांचा आणि लढत तीन राउंडची असते. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बायकांचा राउंड बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांचाच राहिलाय. पदार्पणाची लढत चार राउंडची, म्हणजे आठ मिनिटांचा खेळ. तिची सवय अशी की पहिलं मिनिट समोरचीला वाचायचं आणि मग हात सोडायचे. इथे तेवढी सवड नाही. मी शिट्टी हातात घेऊन तिला पहिल्या दहा सेकंदांतच जॅब टाकायला लावते.

विजेतेपदाच्या लढतीतही बायकांना सहसा दोन मिनिटांचे दहाच राउंड, पुरुषांना तीन मिनिटांचे बारा. वीस मिनिटं आणि छत्तीस मिनिटं. पोर्तो रिकोची अमांडा सेरानो 27 ऑक्टोबर 2023 ला ऑरलँडोत डॅनिला रामोसविरुद्ध तीन मिनिटांचे बारा राउंड लढली आणि जिंकली. डब्ल्यूबीसी ही संस्था बायकांना तेवढे राउंड द्यायला तयार नव्हती, तेव्हा सेरानोने त्या संस्थेचा पट्टाच सोडून दिला. ही गोष्ट मी मुलींना वारंवार सांगते. राउंड किती मिनिटांचा हेसुद्धा मागता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

8.45

हैदराबाद रोडला विडी घरकुलात तिच्या घरी. आई दारातच सूप मांडीवर घेऊन बसलीये. पान कापून झालंय, तंबाखू भरणं आणि दोरा गुंडाळणं चाललंय. बोलताना तिचे हात थांबत नाहीत. घरात आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी. वडील यंत्रमागावरून रात्रपाळी करून आलेत आणि आतल्या खोलीत झोपलेत.

त्यांना एकच गोष्ट सांगायला आले होते, ती आधी सांगते. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याला हौशी स्पर्धांची प्रमाणपत्रं लागतात. व्यावसायिक लढती जिंकून ते दार उघडत नाही. पुण्याच्या देविका घोरपडेने 2022 मध्ये स्पेनमधल्या ला नुसियाला युवा जागतिक स्पर्धेत 52 किलोत सुवर्णपदक घेतलं, तो हौशीचाच रस्ता. म्हणून सही करण्याआधी बॉक्सिंग संघटनेला लेखी विचारायचं, की ही लढत खेळल्यावर पुढच्या राज्य स्पर्धेला हिला उतरता येईल का. तोंडी उत्तरावर जायचं नाही.

आई ऐकून घेते. मग विचारते, "ते हातात घालायचं कोण देणार?"

"आयोजक देणार."

"आणि बरोबर हाय का नाय, ते कोण बघणार?"

करार मी तिथेच पुन्हा उघडते. ग्लोव्हजबद्दल एकच ओळ आहे: ग्लोव्हज आयोजक पुरवतील. वजन किती औंस ते लिहिलेलं नाही, बनावट लिहिलेली नाही, तपासणार कोण तेही नाही. आई मान हलवते. "पान तेच देतात. पान खराब निघालं की विड्या कमी भरतात. आणि छाट पण तेच काढतात. भरपाई आमच्या अंगावर."

इतकं नेमकं या करारावर आजवर कुणी बोललेलं नाही. माल पुरवणारा आणि माल नापास करणारा एकच असला की नुकसान कुणाचं होतं, हे या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. चहा घेऊन मी निघते. लेक जिन्यापर्यंत येते आणि हळूच म्हणते, "मॅडम, आठ औंसच मागा. माझा राईट बसला तर ती उठणार नाही." संध्याकाळी बघू, मी म्हणते.

11.20

शाळेतून आज रजा टाकलीये. जिल्हा न्यायालयात माझी वर्गमैत्रीण वकिली करते. दोन तारखांच्या मधल्या वेळात बाररूममध्ये ती करार वाचते. हातात पेन्सिल असते, आणि ती नेहमी शेवटच्या पानापासून वाचायला घेते.

"अगं, एका लढतीचा म्हणतेस तू. हा तीन वर्षांचा आहे."

तिसऱ्या पानावर ते दडलंय. ही लढत जिंकली तर पुढची तीन वर्षं आयोजक ठरवतील त्याच लढती, ते देतील त्याच मानधनात. आणि तीन वर्षं संपल्यावरही दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी यांना दाखवायचा. यांनी तेवढेच पैसे देऊ केले तर यांच्याकडेच राहायचं.

मैत्रीण पेन्सिल खाली ठेवते आणि श्रीरामपूरच्या झहीर खानचं नाव घेते. क्रिकेटपटू झहीरने 2000 मध्ये पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला होता. त्यातही असंच कलम होतं: मुदत संपल्यावर दुसऱ्याची ऑफर आधी आम्हाला दाखव. झहीरने मुदत संपल्यावर दुसरीकडे जायचं ठरवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 2006 मध्ये निकाल लागला तो झहीरच्या बाजूने. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 27 सांगतं की माणसाला त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून अडवणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल असतो. करार चालू असताना बांधून ठेवणं वेगळं. मुदत संपल्यावरही दोर हातात ठेवणं न्यायालयाने मानलं नाही.

मला एकदम हायसं वाटतं. ती लगेच जमिनीवर आणते. "झहीरकडे वकील होते. हिला सर्वोच्च न्यायालयात कोण नेणार? कलम रद्द ठरेल म्हणून सही करू नका. कलम काढून मग सही करा." आणि मुदतीच्या आतली तीन वर्षं तर कलम 27 ने सुटणारच नाहीत, हेही ती बजावते.

अमेरिकेत बॉक्सरच्या संरक्षणासाठी 2000 साली मुहम्मद अलीच्या नावाने स्वतंत्र कायदा झाला. प्रवर्तकाने लढतीतून किती कमावलं आणि बॉक्सरच्या पैशातून काय कापलं, हे त्याला उघड करावं लागतं. एका लढतीच्या बदल्यात पुढची वर्षं लिहून घेण्यावरही त्या कायद्याने मर्यादा घातली. आपल्याकडे बॉक्सरसाठी असा वेगळा कायदा नाही. सामान्य करार कायदा आहे आणि आपली सही आहे. मुलीला अठरा पूर्ण आहेत, म्हणजे तिची सही तिला बांधणार.

उठताना मैत्रीण आणखी एका ओळीवर बोट ठेवते. दुखापत झाल्यास "योग्य ती मदत" केली जाईल. योग्य कोण ठरवणार? हॉस्पिटलचा खर्च, तपासण्या, विमा, किती रकमेपर्यंत आणि किती दिवस, सगळं लिहून घ्यायचं.

2.30

बाहेर ऊन असं की रस्ते ओस पडलेत. पंख्याखाली बसून आयोजकांच्या मुंबईतल्या माणसाला फोन लावते. बोलायला गोड आहे. वजन 120 पौंड करायला तयार होतो, म्हणजे 54.4 किलो. वजन झाल्यावर किती वाढलेलं चालेल तेही लिहू म्हणतो. मग मी ग्लोव्हजवर येते.

"मॅडम, मुलींच्या बाउटमध्ये एवढं कोण बघतं? ग्लोव्हज आमचे असतात."

मी त्याला शांतपणे सांगते, बघतात. 2017 मध्ये मेवेदर आणि मॅकग्रेगर 154 पौंडांवर लढले. नेवाडाच्या नियमाने त्या वजनाला 10 औंस लागतात. दोघांनाही 8 हवे होते, म्हणून तिथल्या आयोगाने त्यांच्यासाठी खास सवलत मंजूर केली. 15 नोव्हेंबर 2024 ला टेक्सासमध्ये माइक टायसन आणि जेक पॉल 14 औंसांचे ग्लोव्हज घालून दोन मिनिटांचे आठ राउंड लढले. टायसन तेव्हा 58 वर्षांचा होता. त्याच रात्री, त्याच रिंगमध्ये केटी टेलर आणि अमांडा सेरानो दोन मिनिटांचे दहा राउंड लढल्या. पुरुषांच्या लढतीत औंस आणि मिनिटं टेबलावर बसून ठरू शकतात, तर आमच्या मुलीच्या लढतीत ती लिहायला कुणाची हरकत असावी?

तो म्हणतो, "पहिलीच फाईट आहे हो तिची. नाव होईल, टीव्हीवर दिसेल."

हे वाक्य बायकांच्या बॉक्सिंगमध्ये फार जुनं आहे. 16 मार्च 1996 ला लास वेगासमध्ये टायसन-ब्रुनोच्या मुख्य लढतीआधी क्रिस्टी मार्टिन आणि डियर्डर गोगार्टी लढल्या. मार्टिनचं नाक फुटलं, रक्त वाहत राहिलं, तरी ती लढत जिंकली. लोक मुख्य लढत विसरले आणि या दोघींबद्दल बोलत राहिले. मार्टिनला 15 हजार डॉलर मिळाल्याचं आणि गोगार्टीला 3 हजार मिळाल्याचं तेव्हा छापून आलं. टायसनचा आकडा 3 कोटी डॉलरचा होता. टीव्हीवर त्या दोघीही दिसल्याच होत्या. 30 एप्रिल 2022 ला टेलर आणि सेरानो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुख्य लढत म्हणून उतरल्या, तेव्हा कुठे दोघींची रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेली. मध्ये सव्वीस वर्षं गेली.

मागण्या लेखी पाठवा, असं सांगून तो फोन ठेवतो. ते मला हवंच होतं.

4.45

हॉलची पत्र्याची शेड दिवसभर तापलेली. मी दोन जोड्या घेऊन बसलेय, दोन्ही 8 औंसांच्या, दोन्ही नाडीच्या. एक जोडी सर्वसाधारण मापाची, एक आतून अरुंद.

आधी बँडेज. रोज ती लांब सुती पट्टी गुंडाळते, ती धुऊन पुन्हा वापरते. व्यावसायिक लढतीत जाळीची पट्टी आणि चिकटपट्टी वापरून हात बांधतात आणि एक अधिकारी तो तपासून वर सही करतो. मी तसा बांधते: मनगटाला तीन वेढे, अंगठ्याच्या मुळाशी आधार, मुठीच्या हाडांवर जाड घडी, बोटांच्या मधून पट्टी. गेल्या वर्षी तिचा उजवा अंगठा मुरगळला होता, म्हणून तिथे जरा जास्त.

पहिली जोडी. नाडी आवळून मी तिला मूठ मिटायला सांगते. आत पकडायला एक पट्टी असते, तिच्याभोवती बोटं घट्ट वळली पाहिजेत. तिची बोटं तिथवर पोचतात, पण वळत नाहीत. पुढे टोकाला बोटभर जागा रिकामी राहते. मनगटाजवळ माझं बोट सहज आत जातं. बॅगवर राईट मारते तेव्हा ग्लोव्ह आधी लागतो आणि हात आतून मागाहून जाऊन आदळतो. आवाज पोकळ येतो. पाचव्या-सहाव्या ठोशाला ती अंगठा झटकते.

दुसरी जोडी. तेच 8 औंस. मूठ बंद होते, मनगट सरळ राहतं, बॅग चाबकासारखी वाजते. तिचा चेहराच बदलतो.

औंस हे ग्लोव्हचं वजन आहे, हाताचं माप नाही. 8 औंस म्हणजे सुमारे 227 ग्रॅम, 10 औंस म्हणजे 283.5. फरक जवळपास 57 ग्रॅमचा. व्यावसायिक बॉक्सिंगची सर्वसाधारण रीत अशी की 147 पौंडांपर्यंत 8 औंस आणि त्यावर 10. बायकांच्या लढतीत नियम चालवणारी संस्था बदलली की हे बदलू शकतं. हौशीत मुली 10 औंस आणि वर हेडगार्ड घालून खेळत आल्या. म्हणजे आमची मुलगी एकाच रात्रीत हेडगार्ड काढणार, गादी पातळ करणार आणि कदाचित पुरुषी पंजाच्या मापात शिवलेला ग्लोव्ह घालणार. पहिल्या दोन गोष्टी खेळाचा भाग आहेत, तयारी करता येते. तिसरी निव्वळ हयगय आहे. लहान हात सैल ग्लोव्हमध्ये घालून ठोसा मारला की हाड मारणाऱ्याचं जातं.

तिला 8 हवेत. मी तिच्याशी अर्धा तास वाद घालते. जाड ग्लोव्हने हात वाचतो आणि चामडी कमी फाटते, गार्डही मोठा दिसतो. पण डोकं हलायचं ते हलतंच, त्यामुळे 10 मागितले म्हणजे सुरक्षित झालो असं नाही. उलट तिचा खेळ वेगाचा, लांबून जॅब टाकण्याचा. चौथ्या राउंडमध्ये खांदा जड झाला की तिचं अर्धं बळ जातं. शेवटी मी ऐकते. 8 औंस, पण तिच्या हाताच्या मापाचे.

घरी सोडताना मी तिला 16 जून 1983 ची रात्र सांगते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लुइस रेस्टोच्या ग्लोव्हमधली गादी काढून टाकलेली होती. समोर एकवीस वर्षांचा बिली कॉलिन्स होता. लढत संपल्यावर कॉलिन्सच्या वडिलांनी हस्तांदोलन करताना रेस्टोचा ग्लोव्ह हातात धरला, तेव्हा त्यांना ते कळलं. कॉलिन्सच्या डोळ्याला कायमची इजा झाली, तो पुन्हा लढला नाही, आणि पुढच्याच वर्षी मोटार अपघातात गेला. रेस्टो आणि त्याचा प्रशिक्षक पनामा लुइस दोघेही तुरुंगात गेले. आईने सकाळी विचारलेला प्रश्न हाच होता. बरोबर आहे की नाही, ते कोण बघणार?

7.40

भाकरी खाऊन लिहायला बसते. मैत्रीण फोनवर शब्द घासूनपुसून देते. ग्लोव्हजच्या एका ओळीच्या जागी आता हे लिहिलंय: दोन्ही खेळाडूंना एकाच बनावटीचे, नवे, 8 औंसांचे ग्लोव्हज, प्रत्येकीच्या हाताला बसणारं माप वजनाच्या दिवशी घालून पाहून निवडलं जाईल, निवडलेली आणि एक राखीव जोडी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी सीलबंद होईल, लढतीआधी दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर सील उघडेल, माप न मिळाल्यास खेळाडू लढत नाकारू शकेल आणि ठरलेलं मानधन तिला मिळेल.

शेवटच्या वाक्यावर मैत्रीण म्हणते, हे ते मानणार नाहीत. मी म्हणते, राहू दे. त्या वाक्याशिवाय वरची सगळी वाक्यं नुसती विनंती ठरतात.

बाकी: वजन 120 पौंड, वजनानंतरच्या वाढीला मर्यादा, प्रतिस्पर्धी बदलल्यास नव्याने संमती, उपचारांचा खर्च आणि विमा आकड्यांसह, मानधन कधी आणि कसं मिळणार ते, आणि तिसऱ्या पानावरचं तीन वर्षांचं कलम पूर्ण वगळावं.

पाठवण्याआधी मी पत्र मुलीला फोनवर मोठ्याने वाचून दाखवते, तिच्या घरच्यांसमोर, स्पीकर लावून. प्रत्येक कलमाला तिने स्वतः "हो" म्हणायचं, ही माझी अट. ठोसा मी शिकवते तसं हेही शिकवायला हवं, कारण पुढच्या वेळी मी शेजारी असेनच असं नाही. प्रतिस्पर्धी बदलण्याच्या कलमावर ती थांबवते आणि विचारते, "डावखुरी आणली तर?" छान प्रश्न. आम्ही तेही घालतो.

10.05

उत्तर येतं. वजन मान्य. उपचारांचा खर्च मान्य. ग्लोव्हजचं कलम मान्य, शेवटच्या वाक्यासकट. तिथे मानधन पूर्ण नाही, निम्मं. आम्हाला चालेल. तीन वर्षांचं कलम मात्र "कंपनीचं धोरण" म्हणून तसंच ठेवलंय, आणि परवापर्यंत सही द्या, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे, असंही लिहिलंय.

मी तिला फोन करून दोन्ही बाजू सांगते. ही लढत गेली तर हातची संधी जाईल. सही केली तर बाविसाव्या वर्षापर्यंत तिचा प्रत्येक ठोसा दुसऱ्याच्या मालकीचा असेल. ती थोडा वेळ गप्प राहते, मग आईशी तेलुगूत बोलते. परत फोनवर येऊन म्हणते, "ते कलम काढत असतील तर मी लढते, मॅडम. नाहीतर राज्य स्पर्धा आहेच."

तसंच लिहून पाठवलंय. कलम निघेपर्यंत सही होणार नाही.

सोलापूर, अकोला, पुणे, कुठेही तुमच्या तालमीतल्या मुलीकडे असा कागद आला, तर तो मोबाईलवर बोटाने सही करून परत धाडू नका. छापून काढा, शेवटच्या पानापासून वाचा, वकिलाला दाखवा, आणि ग्लोव्हज आधी तिच्या हातात घालून बघा.